घुमट फाकतो कुठे? पँथिऑन, फ्लोरेन्स आणि इतर काही

ओळंबा

'गॉथिक श्रेष्ठ की रेनेसाँ' या धाग्यावर लिहायला घेतलं आणि प्रतिसाद हाताबाहेर गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पाश्चात्य वास्तुकला आपल्याला शैलींच्या क्रमाने शिकवतात. रोमन, बायझंटाइन, रोमानेस्क, गॉथिक, रेनेसाँ, बरोक. कमान गोल असेल तर ही शैली, टोकदार असेल तर ती. एवढं पाठ केलं की पेपर सुटतो. पण बांधणाऱ्याची झोप कशाने उडत होती ते त्यातून कळत नाही. दगडविटांचा घुमट स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि पायथ्याशी बाहेर फाकायला बघतो. दगड, वीट, चुना हे तिन्ही दाब छान सोसतात, ताण मात्र जवळजवळ नाहीच. मग तो घेर धरायचा कशाने? मला तरी मोठ्या घुमटांचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं वाटतात. ती उत्तरं पायरीपायरीने सुधारत गेली असंही नाही. पहिलंच उत्तर इतकं दांडगं होतं की पुढची तेराशे वर्षं कुणाला त्याहून रुंद घुमट उभारता आला नाही.

ते उत्तर म्हणजे रोमचं पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. 125 च्या आसपास पूर्ण झालं. दर्शनी भागावर नाव मात्र अग्रिपाचं आहे, कारण त्याच जागेवरचं आधीचं मंदिर त्याने बांधलं होतं आणि हेड्रियनने तो लेख तसाच ठेवला. (नामफलकासाठी भांडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आतला व्यास 43.3 मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. सगळा घुमट काँक्रीटचा आहे आणि त्यात एकही सळई नाही. बिनसळईच्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात आजही दुसरा नाही.

रोमनांचं उत्तर म्हणजे खाली वजन, वर हलकेपणा. भिंत सुमारे 6 मीटर जाड, घुमट पायथ्याशी तितकाच आणि माथ्याजवळ जेमतेम 1.2 मीटर. काँक्रीटमधली खडीसुद्धा थराथराने बदलत नेली आहे. तळाला जड ट्रॅव्हर्टाइन (चुनखडीचा दगड), वर टफ (ज्वालामुखीच्या राखेचा दगड) आणि विटांचे तुकडे, अगदी वर प्युमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा दगड. आणि ऐन माथ्यावर काहीच नाही, उघडं गोल भोक. पाऊस सरळ आत पडतो. त्यासाठी फरशीला हलका उतार आणि पाणी जायला छिद्रं ठेवली आहेत. 609 मध्ये त्याचं चर्च झालं, म्हणून दगड चोरणाऱ्यांच्या तावडीतून ते बरंचसं वाचलं.

मग कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. सम्राट जस्टिनियनने 532 ते 537 एवढ्या अवधीत हागिया सोफिया हे चर्च उभं केलं. अँथेमियस आणि इसिडोर हे त्याचे रचनाकार, दोघेही भूमितीतले जाणकार. त्यांनी 31 मीटरचा घुमट चौरसावर बसवला. चार कोपऱ्यांत पेंडेंटिव्ह, म्हणजे चौकोनातून गोलाकडे नेणारे वळणदार त्रिकोण. घुमटाच्या पायथ्याशीच 40 खिडक्या पाडल्या, म्हणजे जिथे धरायला पाहिजे तिथेच उजेड! घाई इतकी की चुना नीट मुरायच्या आत वरचा भार चढला आणि खांब बाहेर कलले. भूकंपाचे धक्के बसले आणि 558 मध्ये घुमट कोसळला. धाकट्या इसिडोरने तो जास्त उंच करून पुन्हा बांधला, कारण चपट्या घुमटाचा बाहेरचा रेटा जास्त असतो. 989 आणि 1346 मध्ये पुन्हा काही भाग पडला. आजचा घुमट नीट गोल नाही. इतक्या डागडुज्यांनंतर कसा राहील?

आता फ्लोरेन्स, ज्याच्यासाठी हा खटाटोप.

कॅथेड्रलचं काम 1296 मध्ये सुरू झालं. 1367 मध्ये शहराने ठरवलं की मध्यभागी अष्टकोनी घुमट होणार आणि त्याला उत्तरेकडच्या गॉथिक चर्चना असतात तसे बाहेरून धिरे, म्हणजे भिंत फाकू नये म्हणून लावलेले दगडी टेकू, द्यायचे नाहीत. तो घुमट बांधायचा कसा, हे तेव्हा एकालाही माहीत नव्हतं. तरी भिंती वर नेल्या! पुढची पन्नासेक वर्षं शहराच्या मधोमध कोपरा ते कोपरा सुमारे 45 मीटरचा खड्डा आकाशाकडे तोंड करून बसला होता. त्याची कड जमिनीपासून पन्नास मीटरच्या वर. तेवढ्या उंचीवर, तेवढ्या रुंदीचं लाकडी सेंटरिंग, म्हणजे काम पुरं होईपर्यंत खालून द्यायचा आधार, बांधायला लाकूड आणायचं कुठून?

1418 मध्ये स्पर्धा जाहीर झाली. वसारी, म्हणजे 16 व्या शतकातला चित्रकार आणि कलावंतांचा चरित्रकार, सांगतो की एकाने सुचवलं, आतला भाग मातीने भरा आणि मातीत नाणी मिसळा. घुमट झाला की लोक नाण्यांच्या लोभाने माती फुकट उपसून नेतील. वसारी किस्से रंगवायचा, तेव्हा जरा बेताने घ्या. अंडं टेबलावर उभं करून दाखवण्याची गोष्टही त्याचीच.

काम मिळालं फिलिप्पो ब्रुनेलेस्कीला. शिक्षणाने तो सोनार, घड्याळं आणि यंत्रं यांचा नादी. 1401 मध्ये बाप्तिस्मागृहाच्या दारांच्या स्पर्धेत तो शिल्पकार गिबेर्तीकडून हरला होता. आता घुमटावर त्याच गिबेर्तीला बरोबरीचा अधिकारी म्हणून बसवलं, पगार सारखा. चरित्रकारांनी लिहिलंय की घुमटाचा घेर धरणाऱ्या लाकडी कड्याचं काम आलं तेव्हा ब्रुनेलेस्की आजारपणाचं सोंग घेऊन घरी पडून राहिला. गिबेर्तीला काम पुढे नेता येईना, आणि कोणाला काय येतं ते सगळ्यांना दिसलं.

7 ऑगस्ट 1420 ला काम सुरू झालं, 1436 मध्ये घुमट मिटला. जमिनीवरून उभारलेलं सेंटरिंग नाही. विटा 40 लाखांच्या वर. दोन कवचं, आतलं जाड आणि बाहेरचं पातळ. कोपऱ्यांत 8 आणि मध्ये 16 अशा 24 बरगड्या. घेर धरायला वाळूच्या दगडाच्या लांब तुळया लोखंडी पट्ट्यांनी जोडून केलेली चार कडी, आणि पाचवं चेस्टनटच्या लाकडाचं. सगळं भिंतीत गाडलेलं. म्हणजे धिरे बाहेर दिसू द्यायचे नाहीत म्हणून ते काम आतल्या कड्यांकडे दिलं.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, बोटं दुखली.

सदाफुली

मस्त धागा. पण सेंटरिंग नाही तर विटा पडल्या कशा नाहीत? वर जाताना घुमट आत झुकतो ना? माझ्या घराच्या पडवीची छोटी कमान करतानासुद्धा खालून फळ्या लावल्या होत्या.

गवंडीकाका

मी चाळीस वर्षं बांधकामात आहे, पुस्तकातलं काही सांगत नाही. कमान आणि घुमट यात फरक आहे. कमानीला मधला शेवटचा दगड बसेपर्यंत आधार लागतोच. गोल घुमटाचा एक थर पूर्ण फिरून आला की तो स्वतःलाच धरतो, कारण प्रत्येक वीट शेजारणीला दाबते. आत पडायचं तर सगळ्यांनी एकदम पडावं लागेल, आणि तेवढी जागाच नसते. प्रश्न थर अर्धा असताना येतो. ओली वीट उतारावर बसवली की सरकते.

दुसरं, ती कडी. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली धाव चढवतो आणि वर पाणी मारतो, ती आवळून बसते आणि आरे, पाटे सगळं एकत्र राहतं. तेच काम. फक्त इथे धाव दगडाची, हे मला पटायला वेळ लागला. दगड ताणात चालत नाही.

ओळंबा

काका, अगदी नेमकं. कड्यात ताण घेतात त्या दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या. दगड मधलं अंतर भरतात. ती कडी नेमका किती भार घेतात यावर अभ्यासकांत एकमत नाही.

सदाफुली, काकांनी म्हटलेल्या 'अर्ध्या थरा'चं ब्रुनेलेस्कीचं उत्तर म्हणजे विटांची हेरिंगबोन बांधणी, इटालियनमध्ये स्पिनापेशे, माशाचा काटा. आडव्या थरात ठरावीक अंतरावर एक वीट उभी बसवायची, पुढच्या थरात तिच्या शेजारी सरकून दुसरी उभी. अशा उभ्या विटांच्या तिरप्या रेषा घुमटभर वर चढत जातात. दोन उभ्या विटांच्या मधल्या आडव्या विटा त्यांच्यात अडकून राहतात. म्हणजे गवंड्याला सगळा घेर एका दमात पुरा करायची गरज नाही, एवढासा तुकडा केला की तो जागीच थांबतो.

राहिला अष्टकोन. काकांचं 'फिरून आला की धरतो' हे गोल थराला लागू पडतं, अष्टकोनाला नाही, कारण त्याच्या बाजू सपाट. पण आतलं कवच सुमारे 2 मीटर जाड आहे. एवढ्या जाडीत एक अखंड गोल कडं मावतं. बाहेरून आठ बाजू, पोटात वर्तुळ. ही या इमारतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

ताणदाब

स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून थोडी भर. अर्धगोल घुमटात माथ्यापासून साधारण 52 अंशांपर्यंत आडव्या दिशेने दाब असतो, त्याच्या खाली ताण सुरू होतो. त्यामुळे तडे नेहमी खालच्या भागात आणि उभे जातात. पँथिऑनलाही ते आहेत. म्हणजे ज्याला आपण अखंड काँक्रीटचा घुमट म्हणतो तो खालच्या भागात प्रत्यक्षात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या कमानींचा संच म्हणून काम करतो. त्याला काही होत नाही, कारण खालची 6 मीटर जाडी त्या कमानींचा रेटा पचवते. तडा गेला म्हणजे इमारत पडणार, ही भीती दगडी बांधकामात दर वेळी खरी नसते.

रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये याचीच परीक्षा झाली. पायाभरणी 1506, वास्तुकार ब्रामांते. 1546 नंतर मायकेलँजेलोकडे सूत्रं आली. 1564 मध्ये तो गेला तेव्हा घुमटाखालचा ड्रम, म्हणजे घुमट ज्यावर बसतो ती गोल भिंत, बराचसा झाला होता, घुमट नव्हता. तो जाकोमो देल्ला पोर्ताने 1588 ते 1590 मध्ये बांधला आणि टोकदार केला. 1740 च्या सुमारास तडे इतके वाढले की पोप बेनेडिक्ट 14 वा याने तीन गणितज्ञांना कामाला लावलं. त्यांनी 1742 मध्ये अहवाल दिला. माझ्या मते अशा इमारतीला गणित लावायचा हा पहिला मोठा प्रयत्न. त्यानंतर पादुआचा पोलेनी आला. त्याने घुमटाच्या प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात साखळीला वजनं टांगली, साखळी लोंबकळून जो आकार घेते तो कागदावर उतरवला आणि उलटा केला. ती रेषा घुमटाच्या जाडीच्या आतच राहत होती. निष्कर्ष : तडे असले तरी घुमट उभा राहील, तरीही कडी घाला. 1743-44 मध्ये पाच लोखंडी कडी चढवली. पुढे जुन्या कड्यांपैकी एक तुटलेलं आढळलं म्हणून सहावं घातलं.

लोंबकळणारी साखळी उलटी केली की कमान, हे लंडनचा शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने 1675 मध्येच सांगितलं होतं.

नीलमोहर

सगळं वाचलं, आवडलंही, पण मला एक खटकतंय. तुम्ही लोक कलेचा इतिहास ओव्हरसीयरच्या वहीत बसवताय. हागिया सोफियाच्या पायथ्याशी 40 खिडक्या पाडणं हा बांधकामाच्या दृष्टीने वेडेपणा, ओळंबा यांनीही तसंच सूचित केलं. पण त्या खिडक्यांसाठीच तर सगळं चाललं होतं! त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की घुमट भिंतींवर टेकलाय असं वाटतच नाही, स्वर्गातून सोन्याच्या साखळीने टांगलाय असं वाटतं. खिडक्यांच्या उजेडाने घुमट आणि इमारत यांची फारकत होते, म्हणून तसं वाटतं. जड दिसू नये हाच हेतू होता. पँथिऑनमध्येही भोक वजन कमी करायला ठेवलं असं म्हणणं अर्धंच आहे. दिवसभर उन्हाचा एक गोल भिंतीवरून सरकत राहतो, तो बघितल्यावर हे फक्त वजनाचं गणित आहे असं कुणी म्हणणार नाही.

आणि फ्लोरेन्सने धिरे का नाकारले? हिशेबाने की डोळ्यांना खुपले म्हणून? तुमचा प्रश्न 'कशाने धरायचं' हा असेल, पण तो प्रश्न उभा केला तो दिसण्याच्या हट्टाने.

ओळंबा

नीलमोहर, फ्लोरेन्सबद्दल शंभर टक्के. धिरे म्हणजे परक्या, उत्तरेच्या पद्धतीचं काम अशी तिथली भावना होती. तरीही मी माझा मुद्दा सोडत नाही. हट्ट सगळेच करतात. हट्ट निभावला गेला की नाही हे घेर धरणाऱ्याने ठरवलं. हागिया सोफियाचा पहिला घुमट प्रोकोपियसला आकाशातून टांगलेला वाटला, आणि तो वीसेक वर्षांत खाली आला.

तुमच्या बाजूचं सर्वांत जोरदार उदाहरण मात्र तुम्ही दिलंच नाही, ते मी देतो. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल, वास्तुकार ख्रिस्तोफर रेन, 1675 ते 1710. 1666 च्या आगीत जुनं चर्च गेलं, त्या जागी हे. शहरात लांबून उठून दिसायला घुमट उंच पाहिजे, आणि आत उभं राहिलं की तोच उंच घुमट विहिरीतून वर बघितल्यासारखा होतो. मग रेनने तीन कवचं केली. आत विटांचा बेताच्या उंचीचा घुमट, त्यावर विटांचा शंकू, आणि बाहेर लाकडावर शिशाचा पत्रा मारलेला देखणा घुमट. लंडनच्या चित्रात जो दिसतो तो बाहेरचा, त्याच्यावर कसलाच मोठा भार नाही. वरचा सुमारे 850 टनांचा दगडी लँटर्न, म्हणजे माथ्यावरचा छोटा मनोरा, पेलतो तो मधला शंकू, जो रस्त्यावरूनही दिसत नाही आणि आतूनही नाही. शंकूच्या पायथ्याशी लोखंडी साखळी. आणि रेनचा दोस्त कोण? ताणदाब यांनी सांगितलेला हूक.

टकमक

गॉथिकवाल्यांच्या वतीने हजेरी. धिऱ्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ते काढून टाकले की भिंतीत मोठाल्या काचा बसवता येत नाहीत. फ्रान्समधलं शार्त्रचं चर्च ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मान्य, आमच्यातही अतिरेकी होते. फ्रान्समधल्या बोव्हे इथे 48 मीटर उंचीवर छत नेलं, 1284 मध्ये त्याचा काही भाग कोसळला. जास्तीचे खांब घालून दुरुस्त केलं. तरी खुमखुमी जाईना. 16 व्या शतकात त्यावर सुमारे दीडशे मीटरचा मनोरा चढवला, तो 1573 मध्ये पडला. त्या चर्चचा पुढचा लांबलचक भाग आजतागायत बांधलेलाच नाही. आतून लाकडी आणि लोखंडी टेकू दिलेले दिसतात.

मांडवीकाठ

आमच्या जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटनचं चर्च कुणी पाहिलंय का? बहुतेक लोक बॉम जेझू आणि से कॅथेड्रल करून बस पकडतात. हे थिएटाइन पंथाच्या इटालियन पाद्र्यांनी 17 व्या शतकात बांधलं, आराखडा रोमच्या सेंट पीटर्सवरून घेतला. दर्शनी भागात तसेच कोरिंथियन खांब, वर घुमट, आणि घुमटाखाली चक्क विहीर. बांधायला जांभा दगड आणि वरून चुन्याचा गिलावा. मूळ संगमरवराचा थाट नाही, पण प्रमाणं इतकी नीट साधली आहेत की आत गेल्यावर आकारापेक्षा मोठं वाटतं. पोर्तुगीज चर्चांच्या गर्दीत हे एक इटालियन वळणाचं.

बोरीबंदर

फ्लोरेन्सशी आपलं एक थेट नातं कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, 1878 ते 1888. मधल्या जिन्यावरचा घुमट दगडी, अष्टकोनी, बरगड्यांचा, आणि तोही सेंटरिंगशिवाय, एकमेकांत अडकणाऱ्या बरगड्यांनी बांधलेला. आकाराने फ्लोरेन्सपुढे फारच लहान, शिवाय साडेचारशे वर्षांनंतरचा, त्यामुळे तुलना तेवढीच ठेवा. इमारत गॉथिक म्हणून ओळखली जाते आणि डोक्यावर घुमट! ओळंबा म्हणतात तसं, शैलीचे कप्पे इथे कामाला येत नाहीत. रोज लाखो माणसं त्याच्या बाजूने लोकल पकडायला धावतात, मान वर करायला वेळ कुणाला आहे. जाळीदार नक्षी, प्राणी, पानंफुलं यांच्या कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

सदाफुली

पुढच्या वर्षी इटलीला जायचा विचार आहे. फ्लोरेन्सच्या घुमटावर चढता येतं का? गुडघे बेताचेच आहेत. आणि हो, गोलघुमट राहिलाच की!

ओळंबा

गोलघुमटाला वेगळा धागा पाहिजे, इथे दोन ओळींत उरकला तर विजापूरकर मला सोडणार नाहीत.

फ्लोरेन्सला 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते. वाट दोन कवचांच्या मधून जाते, म्हणून गुडघ्यांची समजूत काढून चढाच. काही ठिकाणी एवढी अरुंद आहे की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं. आत गेल्यावर भिंतीकडे बघा. डावीउजवीकडे विटा उघड्या आहेत, उभ्या विटांच्या त्या तिरप्या रेषा स्पष्ट ओळखता येतात. वर जाताना भिंत तुमच्यावर झुकत जाते. मध्ये एका सज्जातून आतल्या बाजूचं 'अंतिम न्याया'चं चित्र अगदी जवळून दिसतं. 1572 मध्ये वसारीने सुरू केलं, त्याच्यानंतर झुक्कारीने पुरं केलं. जवळून ते भडक आणि ओबडधोबड आहे, मला आवडलं नाही. खालून बघायला काढलेलं चित्र आहे, त्याचा तेवढा दोष धरू नये.

खाली उतरल्यावर कॅथेड्रलच्या मागच्या बाजूच्या चौकात फरशीत बसवलेली पांढरी संगमरवरी चकती शोधा. 1600 मध्ये वीज पडून वरचा सोनेरी गोळा खाली आला, तो पडला ती जागा. नंतर नवा गोळा बसवला.

गवंडीकाका

एक राहिलं. एवढा माल पन्नास मीटर वर नेला कसा? आमच्याकडे लिफ्टचं मशीन बंद पडलं की चौथ्या मजल्यावर विटा पोचवताना माणसं मेटाकुटीला येतात.

ओळंबा

काका, यारी, म्हणजे ओझं उचलायचं यंत्र. ब्रुनेलेस्कीने बैलांनी ओढायची मोठी यारी केली. साध्या रहाटात ओझं वर गेलं की ते खाली सोडायला बैलांची जोडी सोडून, फिरवून, उलट्या दिशेने जुंपावी लागते. याच्या यारीत उभ्या दांड्यावर वर-खाली अशी दोन दातेरी चाकं होती. त्यांतलं एक गुंतवलं की ओझं वर, दुसरं गुंतवलं की खाली. बैल एकाच दिशेने फिरत राहायचे. शिवाय दोर गुंडाळायचे रूळ वेगवेगळ्या जाडीचे, त्यामुळे जड ओझं सावकाश आणि हलकं ओझं भराभर चढवता यायचं.

यंत्रांचं वेड त्याला महागातही पडलं. अर्नो नदीतून संगमरवर आणायला त्याने खास जहाज बनवलं, त्यासाठी 1421 मध्ये फ्लोरेन्सच्या सरकारकडून पेटंटही घेतलं. जगातल्या सर्वांत जुन्या पेटंटांपैकी ते एक. जहाज पुढे संगमरवरासकट बुडालं. 1434 मध्ये तर गवंड्यांच्या आणि सुतारांच्या संघाची वर्गणी भरली नाही म्हणून त्याला काही दिवस तुरुंगात टाकलं, घुमट अर्ध्याहून वर गेलेला असताना! कॅथेड्रलच्या मंडळींनी हालचाल करून सोडवलं.

घुमटावरच्या लँटर्नचं काम 1446 मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी तो गेला. ते पुरं व्हायला आणखी बरीच वर्षं लागली. 1471 मध्ये शिल्पकार वेरोक्कियोच्या कारखान्यात तयार झालेला तांब्याचा गोळा वर चढवला तेव्हा त्या कारखान्यात एक तरुण शिकाऊ होता, लिओनार्दो दा विंची. त्याच्या वह्यांत ब्रुनेलेस्कीच्या यंत्रांची चित्रं आहेत, त्या दुहेरी चाकांच्या यारीसकट. काका, तुम्हाला ती चित्रं बघायची असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दुवे पाठवतो.